कार्डावरचं कुंकू

साखऱ्यात आता सोयाबीन ट्रॅक्टरनं पेरतात आणि हरभराही. पण घरी खायची शाळू ज्वारी काही घरं अजून बैलांच्या तिफणीवरच पेरतात, आणि तिफण म्हटली की चाड्यावर बाई लागते. चाडं म्हणजे तिफणीच्या नळ्यांवर बसवलेली, भोकं पाडलेली लाकडी वाटी. ओटीत बी घेऊन तिफणीमागं चालायचं आणि मुठीतून त्या वाटीत दाणे सोडत राहायचं, म्हणजे ते तासात, तिफणीनं ओढलेल्या चरात, सारखे पडतात. मूठ सैल पडली तर ज्वारी दाट उगवते नि ताटं काडीसारखी होतात. आवळली तर रानाला टक्कल पडतं.

नर्मदाबाई सतराव्या वर्षी लग्न होऊन साखऱ्यात आली, तेव्हा सासूनं तिला अंगणात राख पसरून त्यावर मूठ सोडायला शिकवलं होतं. राखेत दाणे कुठं दाट पडले, कुठं विरळ, ते लगेच दिसतं. "दाण्याकडं बघू नको, बैलाच्या पावलाकडं बघ," असं सासू सांगायची. सासू गेली, पण मूठ नर्मदाबाईच्या हातात ठेवून गेली. पुढं गावातली पाच-सहा घरं पेरणीची पहिली मूठ तिच्याच हातानं धरायला लागली. तातेरावाच्या घरचा मान सगळ्यात जुना, बावीस वर्षांचा. तिफणीला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, आणि नर्मदाबाईनं औंढ्याच्या नागनाथाचं नाव घेऊन पहिली मूठ चाड्यात सोडायची. त्याचं तिला फार काही मिळायचं असं नाही. एक खण आणि पायली ज्वारी. पण त्या दिवशी ती पहाटेच डोक्यावरून न्हायची आणि घरात कुणाशी फार बोलायची नाही.

तिची शिंक सुरू झाली ती पाच-सहा वर्षांपूर्वी. पोळा झाला की लागायची, ती दिवाळीपर्यंत. नाक गळायचं, डोळे लाल व्हायचे, टाळू खाजायची. त्याच दिवसांत बांधाला, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मागं गाजरगवत कमरेएवढं व्हायचं आणि साबुदाणा सांडावा तसा त्याला पांढरा फुलोरा यायचा. पण गवत सगळ्यांच्याच बांधाला होतं, म्हणून कुणी त्याच्याकडं बोट दाखवलं नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तातेरावाच्या रानात नारळ फुटला, नर्मदाबाईनं मूठ चाड्याशी नेली आणि तिला शिंका लागल्या. एक नाही, दोन नाही, सलग सात. तातेरावाची बायको देवलाबाई बांधावर उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. पेरणी झाली. आणि त्या साली ऐन दाणा भरताना अवकाळी पाऊस आला आणि ज्वारी काळी पडली. आजूबाजूच्या सगळ्या गावांची पडली. पण देवलाबाईनं गाठ मारली ती नर्मदाबाईच्या नाकाशी.

पुढच्या साली तातेरावाकडून निरोप आला नाही. बाकीच्या घरांनीही मग आपापल्या सोयीनं बाया धरल्या. भांडण नाही, शब्द नाही. नर्मदाबाई दारात बसून जात्या तिफणींकडं बघायची. एकदा नवरा संतराम म्हणाला, "सोड त्याचा नाद. बावीस वर्षं धरली, काय कमी हाय?" त्यावर ती एवढंच म्हणाली, "हात अजून बराबर हाय माझा. नाकामुळं काहून सोडू?"

तिला सेनगावला नेलं ते सून प्रतिक्षानं. शिंकेसाठी नाही, दम लागायला लागला म्हणून. सेनगावात बसस्टँडच्या मागं अंजुम डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्यांनी छाती तपासली, पंप दिला आणि नांदेडच्या अॅलर्जीच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली. नांदेडला नर्मदाबाईच्या हातावर रांगेनं थेंब ठेवून प्रत्येक थेंबात सुई टोचली. बाकीचे थेंब तसेच राहिले. गाजरगवताच्या परागाच्या थेंबाखाली मात्र रुपयाएवढी गांध उठली.

इलाज ठरला तो असा: त्याच परागाचा अर्क, अगदी थोडा थोडा, दर आठवड्याला दंडात टोचायचा आणि वाढवत न्यायचा. चार बाटल्या, चार रंगांची टोपणं. हिरवी सगळ्यात सौम्य, मग निळी, मग पिवळी, आणि लाल सगळ्यात कडक. सुया सेनगावातच, अंजुम डॉक्टरांकडं घ्यायच्या.

संतरामानं हे ऐकलं आणि तो हसायलाच लागला. "बांधाला गाजरगवत फुकटचं उभं हाय, ते सोडून ही सेनगावला जाऊन टोचून घेऊन राहिली."

"बांधावरचं मापून येतं का?" नर्मदाबाई म्हणाली. "माप पाहिजे त्याला."

पहिल्या दिवशी तिनं डॉक्टरांना एकच विचारलं. "डॉक्टरीनबाई, चित्रा नक्षत्रात शाळूची पेरणी असती. तवर शिंक बंद होईल का?"

"बंद होईल असं मी म्हणणार नाही मावशी," अंजुम डॉक्टर म्हणाल्या. "बरीच कमी होईल. आत्ता माघ आहे. आठ महिने मिळतात आपल्याला. एकही आठवडा चुकवू नका, बस."

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं, प्रतिक्षाही ऐकत होती. आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. पराग हा काही रोग नाही, नाकात आला तर आला. पण नर्मदाबाईच्या शरीरानं त्याला कधीतरी शत्रू मानलं आणि त्याच्यासाठी खास प्रतिपिंडं बनवली. ही प्रतिपिंडं नाकातल्या, डोळ्यांतल्या, छातीतल्या काही पेशींवर जाऊन बसतात. पराग दिसला रे दिसला की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन आतलं रसायन बाहेर फेकतात. शिंक, पाणी, खाज, दम हे सगळं त्या रसायनाचं.

नर्मदाबाईनं ते आपल्या भाषेत लावून बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी माळ्यावरचा राखण्या. पाखराला गोफण मारायची सोडून आल्या-गेल्या पाहुण्याला धोंडे मारून राहिला."

"बराबर," डॉक्टर हसल्या. "आणि सुईनं आपण त्या पाहुण्याला दर आठवड्याला थोडं थोडं दाराशी आणतोय. हळूहळू शरीरात दुसऱ्या पेशी तयार होतात, त्या राखण्याला गप्प बसवतात. आणि वेगळीच प्रतिपिंडं तयार होतात, ती परागाला वाटेतच धरतात. राखण्यापर्यंत पोचूच देत नाहीत. पण राखण्या लगेच गोफण खाली ठेवत नाही हं. पहिले काही महिने तर त्याच्याजवळचे धोंडे वाढलेले सुद्धा दिसतात. सगळं पक्कं व्हायला तीन वर्षं."

आणि एक नियम त्यांनी दोनदा सांगितला. सुई झाली की अर्धा तास बाकावर बसायचं. जीप सुटली तरी चालेल.

नर्मदाबाईनं सुईला सोमवार धरला, महादेवाचा वार म्हणून. तिनं आयुष्यात तीनदा सोळा सोमवार केले होते, तेव्हा आठवड्याचा नेम तिला नवा नव्हता. डॉक्टरांनी तिला एक कार्ड दिलं. अनुक्रम, तारीख, माप, सही असे रकाने. ते कार्ड ती देव्हाऱ्यात ठेवायची. सोमवारी सुई घेऊन आली की हातपाय धुऊन दिवा लावायची आणि त्या दिवसाच्या ओळीत सहीच्या रकान्यावर कुंकवाचं बोट उमटवायची. ओल्या कुंकवाचं, ठसठशीत.

"मावशी, तुमच्या कुंकवानं माझी सही गायब करून टाकली," डॉक्टर एकदा म्हणाल्या.

"तुमची सही देवाला वाचता येत न्हाई. कुंकू कळतं त्याला."

असे दहा सोमवार झाले. हिरवी बाटली संपली, निळी सुरू झाली. दंडावर जरा सूज यायची, दुसऱ्या दिवशी उतरायची. मग चैत्रात तिची लेक निता, जी कुरुंद्याला दिली आहे, तिचं दुसरं बाळंतपण आलं. सासू थकलेली, आईला जाणं भाग होतं. डॉक्टरांनी निळी बाटली थर्मासात बर्फ घालून दिली आणि चिठ्ठी लिहून दिली, की जवळच्या वसमतला अमुक मापानं, डॉक्टरच्याच हातून, दर सोमवारी.

कुरुंद्यात घरोघर हळद शिजत होती. अंगणात, रस्त्यावर, ओट्यावर पिवळे ढीग वाळत पडलेले. घरातली सगळी माणसं हळदीत, आणि बाळंतीण नि मोठं लेकरू नर्मदाबाईच्या अंगावर. पहिला सोमवार आला तेव्हा निताला कळा सुरू होत्या. दुसऱ्या सोमवारी बाळ कावीळ झाल्यासारखं पिवळं दिसत होतं म्हणून त्याला घेऊन धावपळ. तिसऱ्या सोमवारी वसमतला जायला गाडीच मिळेना. बाटली निताच्या फ्रिजमध्ये तशीच.

पण नेम तर मोडायचा नव्हता. सोळा सोमवारात विटाळामुळं पूजा चुकली तर सासू म्हणायची, उपास धर, तो सोमवार वाया जात नाही. नर्मदाबाईनं तेच केलं. तिन्ही सोमवार तिनं कडक उपास धरला, पाण्याशिवाय काही घेतलं नाही, आणि संध्याकाळी दिवा लावून कार्डाच्या अकराव्या, बाराव्या, तेराव्या ओळीत कुंकवाचं बोट लावलं. फसवायचं कुणालाच नव्हतं. तिच्या हिशेबानं ते सोमवार झालेच होते.

वैशाखात ती परतली. सोमवारी प्रतिक्षाला घेऊन सेनगावला गेली तेव्हा दवाखाना लग्नघरासारखा भरलेला. थर्मास तिनं नर्सच्या हाती दिला, नर्सनं बाटली फ्रिजच्या दारात ठेवून दिली. डॉक्टरांनी कार्ड उघडलं. तेराव्या ओळीपर्यंत लाल बोटं.

"तिकडच्या तिन्ही झाल्या तर. शाबास. आता पिवळी सुरू."

नर्मदाबाईला वाटलं, उपास हिशेबात धरला गेला. तिनं दंड पुढं केला.

सुई झाली. ती बाकावर बसली. बाहेर जीपवाला साजीद हॉर्न वाजवत होता. "चला मावशी, तुमच्यासाठीच थांबलो! मागची सीट भरून राहिली!" ती उठली सुद्धा. मग नियम आठवला आणि हातानं त्याला जा म्हणून खूण करून पुन्हा बसली. दहा मिनिटं झाली असतील, तळहात खाजायला लागले. मग मान. दंडापासून पोटापर्यंत गांधी उठल्या. गळ्यात कुणी कापूस कोंबावा तसं झालं. तिला प्रतिक्षाला हाक मारायची होती, पण आवाज निघाला तो खोकल्याचा.

पुढचं तिला तुटक आठवतं. तिला आडवं करून पाय उशीवर घेतले, मांडीत एक सुई दिली, तोंडावर वाफेचा मास्क लावला. अंजुम डॉक्टर तिचं मनगट धरून मोठ्यानं बोलत होत्या, "मावशी, माझ्याकडं बघा. श्वास घ्या. उतरून राहिलंय, उतरून राहिलंय." थोड्या वेळानं गळा मोकळा झाला. संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला हलू दिलं नाही.

मग त्या कार्ड घेऊन खाटेशी बसल्या. "वसमतच्या डॉक्टरांनी माप कितीचं दिलं होतं?"

नर्मदाबाईनं सगळं सांगितलं. उपास, दिवा, कुंकू. प्रतिक्षानं कपाळावर हात मारला. डॉक्टर मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी कार्ड उजेडात धरलं.

"चूक माझी पण आहे," त्या म्हणाल्या. "बोटाखाली सही नाही, हे मी बघायला पाहिजे होतं. बाटली उघडून बघायला पाहिजे होती. अहो, तिच्यात औषध तसंच आहे." मग म्हणाल्या, "मावशी, देव उपास धरून घेत असेल. त्यात मी पडत नाही. पण तुमच्या रक्तातल्या पेशींना उपास कळत नाही. त्यांना फक्त माप कळतं. पाहुणा तीन आठवडे आला नाही. राखण्याला गप्प करणाऱ्या पेशी अजून थोड्याच होत्या, त्या ढिल्या पडल्या. आणि मग आपण एकदम बैलगाडी भरून पाहुणे आणले."

"मग सगळं पहिल्यापासून?"

"नाही. शरीर सगळं विसरत नाही. नांदेडच्या सरांना विचारते. दोन-चार पायऱ्या खाली उतरून परत चढायचं."

"चित्रापर्यंत चढून होईल?"

डॉक्टरांनी बोटांवर आठवडे मोजले. "लालच्या अर्ध्यापर्यंत पोचू. फुलोरा आल्यावर मी माप वाढवणार नाही, तो धोका नको. अर्ध्यावर जेवढं काम होईल तेवढं."

घरी संतरामानं ऐकलं आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "बस झालं आता! शिंकत जगली तरी चालंल. मेली तर चालणार न्हाई."

"मेले असते तर जीपमध्ये मेले असते," नर्मदाबाई म्हणाली. "अर्धा तास बसले म्हणून वाचले. त्या बाईनं सांगितलेलं आयकलं तिथं वाचले, न्हाई आयकलं तिथं पडले. आता बराबर आयकते."

 आषाढात, फुलोरा यायच्या आधी, संतरामानं हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि घराभोवतीचं, वाटेवरचं, शेजाऱ्याच्या बांधापर्यंतचं गाजरगवत मुळासकट उपटून काढलं. 

पोळा झाला. नर्मदाबाईला शिंका आल्या, पण सकाळी चार-पाच, मग दिवसभर थोडंफार. डोळे चोळावे लागेनात. पंप कोनाड्यातच राहिला.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी देवलाबाई आली. हातात वाटी, दुधाला विरजण पाहिजे म्हणे. विरजण मिळालं तरी उठेना. सुपारी कातरली, सुनांच्या गोष्टी झाल्या, निताच्या बाळाचं विचारलं, आणि मधून मधून नजर नर्मदाबाईच्या नाकावर. प्रतिक्षा आतून हसत होती. तासभरानं नर्मदाबाईच म्हणाली, "देवलाबाई, मोजून झाल्या का?"

देवलाबाई ओशाळली. "काय मोजायचं?"

"एक आली मघाशी, तुमी सुपारी फोडत व्हतात तवा. अजून एखादी येईल. साफ बंद झाली असं मी सांगत न्हाई. ती शिंक गाजरगवताची हाय. त्याला मुहूर्त कळत न्हाई."

देवलाबाईनं वाटी उचलली. दारात जाऊन थांबली. "मालक म्हणून राहिले, दोन वर्षं ज्वारी तासात नीट पडली न्हाई. एकीकडं दाट, एकीकडं पातळ." आणि मग, "येत्या बुधवारी पेरणी हाय. याल का?"

बुधवारी नर्मदाबाई पहाटेच न्हाली. रानात तिफणीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. तातेरावानं कासरे धरले. बांधावर देवलाबाई आणि दोन-तीन शेजारणी. सगळ्यांचे डोळे नर्मदाबाईच्या तोंडाकडं, आणि तिला ते कळत होतं. नाकाच्या शेंड्याशी हुळहुळलं. तिनं नागनाथाचं नाव घेतलं, बैलाच्या पुढच्या पायाकडं बघितलं आणि मूठ सोडली. दाणे नळ्यांतून खाली गेल्याचा आवाज आला. बैल चालले.

या बांधापासून त्या बांधापर्यंत पहिलं तास झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्या तासाच्या मध्यावर तिला शिंक आली. एकच, पण मोठी.

तातेरावानं कासरा ओढला. बैल थांबले. तो मागं वळून बघायला लागला, बांधावरच्या बायाही.

"थांबलात काहून?" नर्मदाबाई पदरानं नाक पुसत म्हणाली. "तिफण थांबली की दाणे एकाच जागी पडून राहतात. हाका."

तातेरावानं क्षणभर बायकोकडं बघितलं. देवलाबाईनं हात हलवला, चला म्हणून. त्यानं बैल हाकले. दुपारपर्यंत दोन एकर झाले आणि पुन्हा शिंक आली नाही. निदान नर्मदाबाईनं तरी मोजली नाही.

पुढच्या सोमवारी ती सेनगावला गेली. कार्डावर अकराव्या, बाराव्या, तेराव्या ओळीतलं कुंकू आता फिकट झालं होतं. डॉक्टरांनी त्याच्या बाजूला पेन्सिलीनं गोल काढून 'उपास' असं लिहून ठेवलं होतं. नर्मदाबाईनं सुई घेतली, अर्धा तास बाकावर बसली, घड्याळ बघून उठली. कुंकू घरी येऊन लावलं, सहीच्या रकान्यात नाही, शेजारी.

आठव्या दिवशी ज्वारी उगवली. नर्मदाबाई आपणहून तातेरावाच्या रानात गेली. हिरवे कोंब सरळ रेघेत वर आले होते, बोटाबोटाच्या अंतरानं. चौथ्या तासाच्या मध्यावर मात्र वीतभर जागेत कोंबांचा गच्च झुबका होता. ती खाली बसली आणि जास्तीचे कोंब एकेक करून उपटायला लागली.

"राहू द्या की," तातेराव बांधावरून म्हणाला. "विरळणीच्या वक्ताला काढू."

"वीतभर तर हाय," ती म्हणाली. "आत्ताच काढते."